फुलीच्या दोन बाजू

मराठी शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत विरुद्धार्थी शब्दांच्या जोडीमध्ये एक फुली छापलेली असते. दिवस × रात्र. सुख × दुःख. जय × पराजय. ही फुली मोठ्याने वाचली जात नाही. मुले 'दिवस, रात्र' असे म्हणून पुढच्या ओळीकडे वळतात. हेच चिन्ह गणिताच्या वहीत गुणाकाराचे असते, तपासलेल्या उत्तरपत्रिकेत चुकीचे असते आणि मधल्या सुटीत फुली-गोळ्याच्या खेळात एका गड्याचे असते. व्याकरणाच्या तक्त्यात मात्र ते 'विरुद्ध' एवढेच सांगते आणि दोन शब्दांना सारख्या आकारात, सारख्या अंतरावर, समोरासमोर उभे करते. हौद्यात उतरलेल्या दोन पहिलवानांसारखे ते दिसतात. तक्ता पाठ झाला की विरोध समजला, असा आपला समज होऊन बसतो. प्रस्तुत लेख या फुलीविषयी आहे. म्हणजेच ती जिथे बसवली जाते त्या, दोन शब्दांमधल्या जागेविषयी.

गेली काही वर्षे आम्ही साहित्याच्या आणि उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून एक स्वाध्याय करून घेत आहोत. विरुद्धार्थी शब्दांची एक जोडी निवडायची आणि तिच्यातला विरोध केवळ अक्षरांच्या द्वारे दाखवायचा. चित्र वर्ज्य. सूर्य-चंद्र, हसरा-रडका चेहरा यांतले काहीही चालणार नाही. अक्षराचा आकार, त्याची जाडी, कागदावरची त्याची जागा, दोन अक्षरांमधले अंतर, आणि ज्या वस्तूने व ज्या वस्तूवर ते लिहिले ती वस्तू, एवढीच साधने. शाई, खडू, कापड, तार, मीठ, राख, जे हाताशी असेल ते घ्यावे. कलेच्या विद्यार्थ्यांना हा सुलेखनाचा तास वाटतो आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेळेचा अपव्यय. आमचा हेतू मात्र मुळात साहित्याचा आहे. शब्दाचा अर्थ 'कळला' असे आपण वर्गात फार लवकर म्हणतो. हाताने तो शब्द घडवायचा झाला की हे 'कळणे' थांबते, आणि थांबलेल्या जागी काही दिसू लागण्याची शक्यता निर्माण होते.

पहिल्या दिवशी जे हाती येते ते ठरलेले असते. 'मोठा' मोठा लिहिला जातो, 'लहान' लहान. 'जड' हा शब्द ठसठशीत, काळाभोर असतो आणि 'हलका' केसासारख्या रेघेचा. 'वर' कागदाच्या वरच्या कडेला, 'खाली' खालच्या. यात कौशल्य असते, क्वचित गंमतही असते. पण शब्दाने जे आधीच सांगितले तेच आकार पुन्हा सांगतो. काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही पुनरुक्ती झाली. मग आम्ही एक छोटी सूचना करतो: 'लहान' मोठा लिहा आणि 'मोठा' लहान. आता वाचणारा क्षणभर अडखळतो. या अडखळण्याला मानसशास्त्रात नाव आहे. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने १९३५ साली दाखवून दिले, की रंगाचे नाव दुसऱ्याच रंगाच्या शाईत छापले असेल तर शाईचा रंग सांगायला माणसाला अधिक वेळ लागतो. म्हणजे वाचणे आणि पाहणे ही दोन कामे आहेत. ती एकमेकांना साथ देऊ शकतात तशी एकमेकांच्या आड येऊ शकतात. अक्षरांच्या प्रयोगाला खरी जागा मिळते ती या दोन कामांमधल्या फटीत.

ही फट विसाव्या शतकातल्या कलावंतांनी निरनिराळ्या प्रकारे वापरली आहे. त्यांतल्या तीन उदाहरणांकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधतो, कारण त्या तिघांनी फुलीच्या जागी तीन वेगळ्या गोष्टी ठेवल्या.

पहिले उदाहरण एल लिसित्स्कीच्या १९१९ सालच्या भित्तिपत्रकाचे. रशियातील यादवी युद्धाच्या धामधुमीतले हे पत्रक. एक लाल पाचर पांढऱ्या वर्तुळात घुसते आहे आणि पत्रकावरचे शब्द या आकारांच्या अवतीभोवती, काही त्यांच्या अंगावर, विखुरलेले आहेत. लाल आणि पांढरा हे येथे रंग नाहीत, पक्ष आहेत. एक उरणार आणि दुसरा फुटणार. फुलीचा अर्थ लढाई असा घेतला तर तिचे याहून थेट रूप सापडणे कठीण.

दुसरे उदाहरण ओयगेन गोमरिंगर या स्विस कवीचे. मूर्त काव्याच्या चळवळीच्या आरंभकाळी, १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात, त्याने 'मौन' या अर्थाचा एकच शब्द चौदा वेळा मांडला. तीन स्तंभ, पाच ओळी. अशा पंधरा जागा होतात. मधली जागा कोरी. मौन हा शब्द उच्चारला की मौन मोडते, ही अडचण सर्वांना ठाऊक आहे. गोमरिंगरने ती सोडवली नाही, मांडली. चौदा वेळा छापलेला शब्द मौनाविषयी बोलत राहतो आणि मधली कोरी जागा ते पाळते. येथे विरुद्धार्थी शब्द छापलेलाच नाही. एकाच शब्दाने स्वतःच्या विरोधकासाठी जागा सोडली आहे.

तिसरे उदाहरण ब्राझीलच्या ऑगुस्तो दि कांपोसचे, १९६५ सालचे. पोर्तुगीज भाषेत 'चैन' आणि 'कचरा' या अर्थांचे दोन शब्द केवळ एका स्वराने वेगळे होतात. कवीने चैनीचा शब्द नक्षीदार, श्रीमंती थाटाच्या टंकात पुन्हा पुन्हा छापला आणि त्या छोट्या शब्दांच्या विटा रचून कचऱ्याचा मोठा शब्द उभा केला. जवळून वाचावे तर चैन, लांबून पाहावे तर कचरा. फुली येथे नाहीशी झाली आहे. तिच्या जागी वाचकाचे कागदापासूनचे अंतर आले आहे. विद्यार्थ्यांना हे उदाहरण फार आवडते, आणि आम्ही त्याला जोडून कुर्ट श्विटर्सची आठवण करून देतो. १९१९ मध्ये हॅनोव्हर शहरात त्याने रस्त्यावरची तिकिटे, वेष्टने, कात्रणे यांतून चित्रे जुळवायला आरंभ केला आणि आपल्या कलेला नाव दिले ते एका बँकेच्या नावातला 'व्यापार' हा शब्द कापून उरलेल्या तुकड्याचे: 'मेर्झ'. व्यापाराच्या शब्दाला कात्री लावली आणि टाकाऊ तुकडा उचलला; एवढ्यात त्याची सगळी भूमिका आली.

मराठीत या वाटेने गेलेल्या मंडळींचा जाहिरातीच्या कचेऱ्यांशी जवळचा संबंध होता, ही गोष्ट आमच्या मते पुरेशी चर्चिली गेलेली नाही. अरुण कोलटकर हे जाहिरात क्षेत्रातील नावाजलेले संकल्पनकार होते. १९७६ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या इंग्रजी 'जेजुरी'त नाचणाऱ्या कोंबड्यांसाठी शब्दच पानावर वर-खाली उधळले आहेत. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे कवी, सुलेखनकार आणि टंकरचनाकार. जाहिरात क्षेत्रात काम केल्यानंतर त्यांनी मुंबईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक संकल्पन केंद्रात अध्यापन केले. संगणकाच्या पडद्यावर मराठी वाचायला शिकलेल्या एका पिढीने बराच काळ जो 'मंगल' टंक पाहिला तो त्यांच्याच हातचा. अक्षरांशी वाटेल ते खेळ करणारा कवी आणि सर्वांना खपेल असे, कोणाच्याही डोळ्यांत न भरणारे अक्षर घडवणारा टंककार हे एकाच माणसात नांदत होते. या दोन भूमिकांमध्ये फुली घालावी असे आम्हांला वाटत नाही.

आता वस्तूंकडे वळू. शाईने कागदावर लिहिलेल्या शब्दाला वेळ नसतो, निदान तो आपल्याला जाणवत नाही. वस्तू आली की तिच्याबरोबर वेळ येतो. 'आठवण × विसर' ही जोडी घेतलेल्या एका विद्यार्थिनीने जुन्या टंकलेखन यंत्रावर सात कागद आणि त्यांमध्ये सहा कार्बन घालून 'आठवण' हा एकच शब्द एकदाच टंकित केला. वरचा कागद स्वच्छ काळा. खाली जावे तसा शब्द फिकट आणि कडांना पुसट. सातव्या कागदावर बोटाने चाचपल्यास दाब लागतो, डोळ्यांना जवळजवळ काही दिसत नाही. सात कागद तिने एका ओळीत टांगले. 'विसर' हा शब्द तिने कुठेच लिहिला नाही आणि त्याची उणीव कोणाला भासली नाही. कोणत्या कागदावर आठवण संपते आणि विसर सुरू होतो, असे आम्ही वर्गाला विचारले, तेव्हा कोणी चौथा म्हणाले, कोणी सहावा. एक मुलगा म्हणाला, "सर, ज्याचे डोळे चांगले त्याची आठवण लांब." त्याच्या या थट्टेत तथ्य होते.

दुसऱ्या एका गटाने 'आत × बाहेर' ही जोडी पुठ्ठ्यात कोरली. कोरीव साच्याचे एक तंत्र असते. ज्या अक्षराला बंद पोट आहे, म्हणजे व, ब, क यांच्यासारखे, त्याचे पोट साच्यातून सुटून खाली पडते. ते टिकवायचे तर पोटापासून बाहेरच्या पुठ्ठ्यापर्यंत एक अरुंद पट्टी शिल्लक ठेवावी लागते. हे काम करताना त्या मुलांच्या ध्यानात आले की 'आत' या शब्दात एकही बंद पोट नाही. आ आणि त दोन्ही उघडे आहेत. उलट 'बाहेर'मधल्या ब ला चारी बाजूंनी बंद असे पोट आहे. म्हणजे आत हा शब्द मोकळा आणि बाहेर या शब्दाच्या पोटात एक आत दडलेले. तेही बाहेरच्या पट्टीच्या आधारानेच टिकणारे. हा लिपीचा योगायोग आहे, भाषेचा नियम नव्हे, हे उघड आहे. पण कविता अशा योगायोगांवर जगत आली आहे. यमक तरी दुसरे काय असते?

तिसरे काम रांगोळीचे होते आणि ते आम्हांला सर्वांत अधिक विचार करायला लावणारे वाटते. विद्यार्थ्याने दाराच्या उंबऱ्यालगत, जाण्यायेण्याच्या वाटेवर, पांढऱ्या रांगोळीने एकच शब्द काढला: अक्षर. अ + क्षर. जे झिजत नाही ते. सकाळी दहाला काढलेला शब्द दुपारपर्यंत चपलांनी फरफटला. प्रथम गेला तो अ, कारण तो वाटेच्या कडेला नव्हे तर मधोमध होता. काही काळ उंबऱ्याशी फक्त 'क्षर' उरला होता. संध्याकाळी तोही उरला नाही. पूर्वी मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवीत. म्हणजे अविनाशी असे नाव असलेली गोष्ट आपण धुळीत शिकलो आहोत. विरोध शब्दाच्या पोटातच होता. रांगोळीने तो फक्त बाहेर काढला.

या कामामुळे आमच्या वर्गात नकाराच्या उपसर्गांची चर्चा सुरू झाली, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांना तिथून पुढे कंटाळा आला नाही. व्याकरणपरंपरेने नञ् म्हणजे नकारार्थी अ चे सहा अर्थ सांगितले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. 'अनश्व' म्हणजे घोड्याच्या विरुद्ध काही नव्हे, घोड्याहून वेगळे काही. 'अनुदरा' मुलगी पोट नसलेली नव्हे, बारीक कमरेची. 'अधर्म' हा मात्र धर्माचा विरोधी. सहा अर्थांपैकी विरोध हा केवळ एक, तोही यादीत शेवटचा. आणि आपली तक्त्यातली फुली या सहांनाही सरसकट एकाच काठीने हाकते.

नकार आधी की होकार आधी, हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. 'असुर' हा शब्द जुना. वैदिक भाषेत तो देवांनाही लावलेला आढळतो. पुढे त्यातला अ नकाराचा आहे अशी समजूत झाली आणि तो काढून टाकून 'सुर' हा देववाचक शब्द तयार झाला. 'असित' म्हणजे काळा, यातून 'सित' म्हणजे पांढरा असाच निघाला असावा, असे कोशकार मानतात. म्हणजे नकारातून होकार जन्माला आला. तक्त्यात मात्र सुर डावीकडे, असुर उजवीकडे. जणू देव आधी आणि त्यांना नाकारणारे नंतर.

नकाराला देवनागरीत दिसण्याचे किती प्रकार आहेत ते पाहण्यासारखे आहे. रोमन लिपीत उपसर्ग ओळीत पुढे लागतो आणि तिथेच बसून राहतो. आपल्याकडे 'निर्गुण' लिहिताना नि पुढे उभा राहतो आणि त्याचा र् उडी मारून रफाराच्या रूपाने गु च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'निष्पाप'मध्ये तोच नकार अर्धा ष होऊन पाला टेकतो. 'निःशब्द'मध्ये तो दोन टिंबे होतो. शब्दाआधी सोडलेल्या श्वासाइतकाच. 'नीरस'मध्ये तर त्याचा र् पुढच्या र मध्ये लोप पावतो आणि भरपाई म्हणून मागची वेलांटी दीर्घ होते. 'निरस' असे लिहिणारा नकाराची ही एवढीशी खूणही पुसून टाकतो. एका विद्यार्थिनीने 'रस × नीरस' ही जोडी मातीच्या भांड्यावर लिहिली. शब्द ओल्या मातीत कोरलेला आणि दीर्घ वेलांटी भाजल्यानंतर पडलेली भेग जिथे होती तिथे बसवलेली. शुद्धलेखनाचा नियम इतका नीट समजावून सांगणारे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

सर्वांत विलक्षण चिन्ह अवग्रहाचे. 'ततः' आणि 'अधर्मः' एकत्र आले की 'ततोऽधर्मः' होते. नकाराचा अ गिळला गेला; त्याच्या जागी ऽ ही खूण तेवढी उरली. संस्कृतात हे चिन्ह गिळलेल्या स्वराचे. मराठीत आपण तेच चिन्ह लांबवलेल्या स्वरासाठी वापरतो: अगंऽऽ, काऽय! एकाच खुणेने एका भाषेत स्वर नाहीसा झाल्याचे सांगावे आणि दुसऱ्या भाषेत तो लांबल्याचे, याला काय म्हणावे? विरुद्धार्थी चिन्हांचा तक्ता कोणी केला तर त्यात अवग्रह फुलीच्या दोन्ही बाजूंना लिहावा लागेल.

आणि खूणही उरत नाही तेव्हा? 'आत्मा'च्या शेवटी आ आहे. त्याच्यापुढे अ आला तर दोन्ही मिळून आ च राहतो, लिखाणात काहीही फरक पडत नाही. छांदोग्य उपनिषदातील 'तत्त्वमसि' हे महावाक्य 'आत्मा' या शब्दालगत येते. अद्वैती परंपरेने ते 'तत्' असे तोडले: ते तू आहेस. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांनी आधीच्या आ मध्ये एक अ विरलेला आहे असे मानून 'अतत्' असे तोडले: ते तू नाहीस. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. तीच अक्षरे, तोच क्रम, तोच उच्चार. आणि जीव-ब्रह्माच्या ऐक्याचा व भेदाचा असे दोन परस्परविरुद्ध सिद्धान्त त्याच ओळीत राहत होते. कोणाचा पदच्छेद बरोबर, हा वाद येथे आमचा नाही. शब्दांमधली जागा कुठे पडते यावर केवढे काय अवलंबून असू शकते, एवढेच आम्हांला दाखवायचे आहे.

ही जागा रिकामी असते, असे आपण संगणकावर लिहिणारे लोक मानतो. एक कळ दाबली की ती पडते. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात जुळाऱ्याला असे मानता येत नसे. दोन शब्दांमधली मोकळी जागा म्हणजेही शिशाच्या मिश्रधातूचा एक तुकडाच असे. त्याची उंची अक्षराच्या खिळ्याहून कमी, म्हणून शाईचा रूळ त्याला लागत नसे आणि कागदावर तो उमटत नसे. जुळारी कोरी जागाही हाताने उचलून, मोजून, अक्षरांइतक्याच काळजीने बसवीत असे. आणि सगळी अक्षरे तो उलटी वाचत असे, कारण खिळ्यावरचे अक्षर उलटे असले तरच कागदावर ते सुलटे येते. न दिसणारी जागाही कोणीतरी बसवलेली असते, आणि तिला वजन असते, हे तंत्रज्ञानाच्या त्या एका तपशिलातून जितके कळते तितके सिद्धान्ताच्या अनेक पानांतून कळत नाही.

या पार्श्वभूमीवर आम्ही एका कामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. स्वाध्यायातील निवडक कामे एका दालनात तीन दिवस मांडली होती. एका विद्यार्थ्याने 'स्पृश्य × अस्पृश्य' ही जोडी निवडली होती. त्याने टेबलावर काळ्या कापडाच्या पाटावर पिंजलेल्या कापसाचा एकच शब्द ठेवला: स्पृश्य. अक्षरे वीतभर उंच, मऊ, किंचित फुगलेली. पाहणाऱ्याचा हात आपसूक पुढे व्हावा अशी. दुसरा शब्द कुठेही नव्हता. मात्र दालनाचीच एक छापील पाटी, जी इतर कामांजवळही होती, त्याने आपल्या शब्दाच्या डाव्या अंगाला, अगदी शिरोरेषेच्या ओळीत, लावून ठेवली होती: कृपया स्पर्श करू नये.

बराच वेळ कोणाच्या लक्षात आले नाही. काम अपुरे आहे, दुसरा शब्द राहिला, असे एकाने सुचवलेही. तेव्हा तो म्हणाला, "सर, अ मी लिहिलेला नाही. तो पाटीने लिहिला." त्यानंतर पाटी आणि शब्द सलग वाचल्याशिवाय त्या टेबलासमोरून जाणे कोणालाच शक्य झाले नाही.

यावर वर्गात जो वाद झाला तो सौम्य नव्हता. एका विद्यार्थिनीचे म्हणणे असे, की ज्यांच्या पिढ्यांनी हे भोगले त्यांच्या दृष्टीने ही शब्दांची हुशारी आहे, आणि या शब्दाशी हुशारी करण्याचा अधिकार कोणाला, हे आधी विचारले पाहिजे. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. कलावंताने कोणत्याही शब्दाला हात लावावा, असे सरसकट स्वातंत्र्य या शब्दापुढे पोकळ वाटते. दुसऱ्या बाजूने असे मांडले गेले की या कामात वेदनेचे चित्रण नाहीच. ते पाटी लावणाऱ्याविषयी आहे. अस्पृश्य हा शब्द कोणाच्या अंगचा गुण सांगत नाही, कोणीतरी दिलेला हुकूम सांगतो. कापूस कापूसच असतो. अ बाहेरून येतो.

आम्हांला या दोन्ही म्हणण्यांत तथ्य वाटते, आणि त्यांच्यामध्येही आम्ही फुली घालणार नाही. नोंदवायचे आहे ते एवढेच, की व्याकरणाच्या तक्त्यात ही जोडी इतर जोड्यांसारखीच, समसमान दिसते. प्रत्यक्षात डावीकडच्या शब्दाची आठवण कोणाला सहसा होत नाही. 'मी स्पृश्य आहे' असे स्वतःहून सांगण्याची वेळ किती जणांवर आली असेल? ज्याला अ लावला गेला त्यालाच नाव मिळाले. ज्याने लावला तो विनानाव राहिला. दोघांमधली जागा मात्र पावलांनी मोजलेली, पाणवठ्यांवर आखलेली होती. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले आणि १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तसा ठराव आपल्याकडेही केला. म्हणजे कागदावर जागा मोकळी झाली होती. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह चवदार तळ्यावर चालत जाऊन पाणी ओंजळीत घ्यावे लागले. जुळाऱ्याच्या शिशाप्रमाणे ती जागा न दिसणारी आणि जड होती. ठरावाने ती हलली नाही. १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तेव्हा भाषेतला एक उपसर्ग कायद्याने बाद केला असेही म्हणता येईल. कायदा किती पोचला, हा वेगळा आणि अद्याप न संपलेला प्रश्न आहे.

तिसऱ्या दिवशी दालन आवरताना कापूस मळलेला आढळला. 'स्पृ'चा खालचा भाग दबला होता आणि 'श्य'ची कड करड्या रंगाची झाली होती. पाटी जागच्या जागी होती. लोकांनी, बहुधा कोणी पाहत नसताना, हात लावला होता. विद्यार्थ्याने ती अक्षरे नीट केली नाहीत. तशीच खोक्यात ठेवून घरी नेली.

शब्दाचा अर्थ त्याच्या स्वतःच्या पोटात नसून इतर शब्दांपासूनच्या त्याच्या भेदात असतो, हे सोस्यूरच्या १९१६ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झालेल्या व्याख्यानांपासून आपण शिकवत आलो आहोत. त्याच्या कितीतरी आधी बौद्ध तार्किक दिङ्नागाने अपोहाचा सिद्धान्त मांडून 'गाय' हा शब्द गाय नसलेल्या सगळ्यांना वगळूनच अर्थ देतो, असे सांगितले. अशा जोड्यांत एक पद नेहमी वर आणि दुसरे खाली असते, त्यांच्यातले नाते शांततेचे नसून वर्चस्वाचे असते, असे देरिदाने १९७२ साली निक्षून म्हटले. हे तिन्ही विचार परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत आम्हांला दरवर्षी भेटतात, बहुधा निर्जीव अवस्थेत. कार्बनचे सात कागद टांगणाऱ्या किंवा अ च्या जागी पाटी ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने देरिदा वाचला होता की नाही, आम्हांला माहीत नाही. पण त्यांच्यापैकी जे नंतर कविता वाचायला बसले त्यांच्या प्रश्नांत फरक पडला, हे आम्ही पाहिले आहे. 'या कवितेत प्रकाश आणि अंधार यांचा विरोध आहे' हे वाक्य लिहून ते थांबत नाहीत. प्रकाशाला ओळीत पहिली जागा कोणी दिली, अंधाराला स्वतःचे नाव आहे की तो नुसता प्रकाशाचा अभाव आहे, दोघांमध्ये कवीने काय ठेवले आहे, असे ते विचारू लागतात. साहित्याच्या अध्यापनाला यापेक्षा अधिक काही अपेक्षित असेल असे वाटत नाही.

स्वाध्यायाच्या अखेरीस आम्ही प्रत्येकाला आपली जोडी फळ्यावर लिहायला सांगतो, फक्त मध्ये फुली न घालता. त्या जागी आपल्याला योग्य वाटेल ते चिन्ह घालायचे. कोणी बाण काढतात, तो कधी एकाच दिशेचा असतो. कोणी बरोबरीचे चिन्ह काढतात. कोणी जागा कोरी सोडतात आणि ती मुद्दाम सोडली आहे हे कळावे म्हणून तिच्याभोवती चौकट आखतात. 'सगुण' आणि 'निर्गुण' यांच्यामध्ये एका मुलीने बराच विचार करून 'आणि' लिहिले. वारकरी परंपरेत वाढलेल्या मुलीला ते सुचणे स्वाभाविक होते. स्पृश्य-अस्पृश्यांच्या मध्ये घालायचे चिन्ह मात्र अद्याप कोणाला सापडलेले नाही. त्या जोडीपुढे फळ्यावर दरवर्षी खडूचे दोन-तीन प्रयत्न दिसतात आणि ते पुसल्याचा पांढुरका डाग दिसतो. वाचकांपैकी जे शिकवतात त्यांनी हा स्वाध्याय आपल्या वर्गात करून पाहावा, असे आम्ही सुचवतो. खडू आणि फळा एवढे पुरते.